रोहतांगच्या दोन बाजू

मनालीहून लाहौलकडे जाणाऱ्या प्रवाशास पूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि हिवाळ्यात ती वाट महिनोन्महिने बंद असे. ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यामुळे आता नऊ किलोमीटरांत हा पर्वत मागे पडतो. सोय मोठी झाली. परंतु मधला चढ अनुभवास येत नाही, ही माझ्या मते प्रवासातील तूटच. मे महिन्यात आम्ही उभयता गेलो तेव्हा अलीकडे देवदारांचे गर्द वन होते. बोगद्याबाहेर येताच समोर उघडे, तपकिरी डोंगर आणि त्यांवर बर्फाचे पांढरे पट्टे.

याचे कारण पीर पंजालची रांग. पावसाळी ढग ही भिंत सहसा ओलांडत नाहीत. महाबळेश्वर भिजते आणि म्हसवड कोरडे राहते, तोच न्याय येथे. मग लाहौलला पाणी मिळते कोठून? हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने, इराण-अफगाणिस्तानमार्गे येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांतून. आणि तेही मुख्यतः बर्फाच्या रूपाने.

पडलेला बर्फ मात्र सर्वत्र सारखा टिकत नाही. चंद्रा नदीच्या काठी उभे राहिले की हा भेद नजरेत भरतो. उत्तराभिमुख उतारावर ऊन तिरपे पडते, म्हणून तेथे बर्फ बराच खालपर्यंत होता. समोरचा दक्षिणाभिमुख उतार केव्हाच मोकळा झालेला. गावे आणि शेते बहुधा या उन्हाच्या बाजूस. वारा धारेवरचा बर्फ झाडून आडोशाच्या घळींत नेऊन टाकतो. तेथे तो उशिरापर्यंत राहतो, आणि हिमस्खलनाचे भयही तेथे अधिक.

बर्फाची नुसती उंची ऐकून भुलू नये. ताज्या, भुसभुशीत बर्फाचा दहा सेंटिमीटरांचा थर वितळला तर जेमतेम एक सेंटिमीटर पाणी हाती येते. आम्हां बँकवाल्यांना दर्शनी किंमत आणि वसूल होणारी रक्कम यांतील अंतर निराळे सांगावे लागत नाही.

मटार पिकवणाऱ्या एका शेतकऱ्यास मी यंदाच्या बर्फाविषयी विचारले, तर त्याने उंची सांगितलीच नाही, महिने सांगितले. ऐन थंडीत पडलेला बर्फ थरावर थर दाबून घट्ट होतो आणि उन्हाळ्यात सावकाश पाणी देतो. मार्चमधला तेवढाच बर्फ चढत्या उन्हात लवकर वाहून जातो. २०२४ चा जानेवारी हिमाचलात जवळजवळ कोरडा गेला. बर्फ आला तो महिनाअखेरीस व पुढे. मैदानातील हंगाम संपल्यावर भर उन्हाळ्यात व पावसाळ्यात आपल्या व्यापाऱ्यांच्या हाती येणारा पहाडी मटार अशा तारखांवर अवलंबून असतो.

शेतापर्यंत पाणी आणणाऱ्या पाटास तिकडे कूल म्हणतात. आम्ही निघालो तेव्हा तो शेतकरी फावड्याने कुलीतला गाळ उपसत होता. पाणी अजून घोट्याइतकेही नव्हते.