एकट्या राजाचा पाठलाग

संगणकाशी बुद्धिबळाचा अख्खा डाव खेळणं मी थांबवलं त्याला आता बरीच वर्षं झाली. माणूस सरस की यंत्र, हा प्रश्न माझ्यापुरता मे १९९७ मध्येच मिटला होता. न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकाने गॅरी कास्पारोवला साडेतीन-अडीच असं हरवलं, शेवटचा डाव तर एकोणीस चालींत आटोपला, आणि आमच्या ऑफिसात ज्यांनी कधी प्यादं हलवलं नव्हतं तेही आठवडाभर त्यावरच बोलत होते. आज फोनवर फुकट मिळणारं स्टॉकफिश त्या डीप ब्लूपेक्षा कितीतरी बलवान आहे. त्याच्याशी पूर्ण ताकदीवर खेळावं, तर पंधरा-वीस चालींत आपलं काही खरं नाही हे कळतं. कुठे बिनसलं ते मात्र कळत नाही. ताकद कमी करून खेळावं, तर ते बराच वेळ शहाण्यासारखं खेळतं आणि मध्येच एखादा उंट फुकट देऊन टाकतं. कच्चा खेळाडू असा खेळत नाही. त्याच्या चुकीमागे काहीतरी बेत असतो, घाई असते, हाव असते. ती ओळखून पकडायची, यातच तर डावाची गंमत. मुद्दाम दिलेला उंट मारून माझं समाधान होत नाही.

म्हणून मी फक्त डावांचे शेवट खेळते. लिचेस या संकेतस्थळावर रिकामा पट मांडायची सोय आहे. त्यावर आपल्याला हवी तेवढीच मोहरी ठेवायची, संगणकाची ताकद सगळ्यांत वरच्या पातळीवर न्यायची आणि खेळायला लागायचं. माझ्याकडे राजा, उंट आणि घोडा. त्याच्याकडे नुसता राजा. पुस्तक सांगतं की हा डाव पांढऱ्याने जिंकलेलाच आहे, दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर जास्तीत जास्त तेहतीस चालींत मात होते. नियम असा की पन्नास चालींत ना मोहरं मारलं गेलं ना प्यादं हललं, तर डाव बरोबरीत सोडवून घेता येतो. म्हणजे माझ्या हातात पन्नास चाली, आणि समोर कधीच डाव न सोडणारा एक राजा.

माणसाबरोबर हा शेवट खेळायला मिळत नाही. समोरचा खेळाडू सज्जन असेल तर हात पुढे करून डाव सोडतो, आणि सरावासाठी म्हणून बसवलाच तर चार-सहा डावांत कंटाळतो. त्यात त्याचा काय दोष? एकटा राजा घेऊन पळत राहणं हे काही कुणाच्या हौसेचं काम नाही. यंत्राला कंटाळा नाही. मध्यरात्री मांडा, पहाटे मांडा, त्याचा राजा पहिल्याइतक्याच चिकाटीने पळतो.

या शेवटांचं मला एवढं अप्रूप का, याचं उत्तर सांगलीत आहे. गावभागात आमचं आजोळ. सांगली हे बुद्धिबळाचं गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून तिथे मुलांच्या पिढ्या घडवल्या, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे तिथल्याच. आजोबा मात्र शेवटपर्यंत जुन्या, देशी पद्धतीने खेळले. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाणार. किल्लेकोट नाही; त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तर, डावात एकदा घोड्याची चाल. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचलं ते मोहरं होणार. आणि समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटाच उरला की ती बुर्जी. डाव तिथेच थांबायचा, आणि आजोबांच्या लेखी तो पुरता जिंकलेला डाव नव्हता. खरी मात द्यायची तर समोरच्यापाशी निदान एखादं प्यादं शिल्लक ठेवून द्यायची, आणि सगळ्यांत मानाची ती प्यादेमात.

‘मारत सुटू नकोस पोरी,’ आजोबा म्हणायचे, ‘त्याच्यापाशी काहीतरी राहू दे.’

‘आजोबा, पण मिळतंय तर मारू नको?’

‘मारून काय मिळवशील? बुर्जी!’

पुढे शाळेत आंतरराष्ट्रीय नियम शिकले तेव्हा एकटा राजा उरल्यावरही डाव चालू राहतो याचं मला फार नवल वाटलं होतं. आमच्या घरच्या पटावर जो डाव संपला असता तो इथे कुठे सुरू होत होता. देशी पद्धतीत वाढलेल्या माणसाला नव्या नियमांत रुळायला जड जातं म्हणावं, तर पंजाबातल्या मीर सुलतान खानचं उदाहरण समोर आहे. तो याच पद्धतीत तयार झाला आणि इंग्लंडला जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं जिंकून आला. पण आजोबांशी खेळून शिकलेल्या माझ्यासारखीला एकट्या राजाला मात कशी द्यायची हे कुणी शिकवलेलंच नव्हतं. ते मला यंत्राने शिकवलं.

उंट-घोड्याची मात कशी असते, ते जरा जवळून सांगते. पटाच्या चार कोपऱ्यांपैकी दोनच कोपरे कामाचे, ज्यांचा रंग आपल्या उंटाच्या घरांचा आहे तेच. उंट पांढऱ्या घरांचा असेल तर एच१ आणि ए८. हे यंत्राला ठाऊक असतंच, त्यामुळे त्याचा राजा काळ्या कोपऱ्याकडे धाव घेतो. समजा त्याला तिथे, एच८ च्या बाजूला, कोंडलं. माझा राजा एफ६ वर, घोडा एफ७ वर, उंट ई४ वर. त्याचा राजा एफ८ वर. आता त्याला अख्खी आठवी रांग ओलांडून दुसऱ्या टोकाच्या ए८ कोपऱ्यात न्यायचंय. उंट एच७ वर जातो, जी८ बंद होतं, राजाला ई८ वर यावंच लागतं. मग घोडा ई५ वर. राजा डी८. माझा राजा ई६. आणि इथे यंत्र आपली खरी चाल करतं: राजा सी७. तो काठ सोडून मोकळ्या पटाकडे निघालेला दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो, आणि हात आपोआप त्याच्यामागे धावू लागतो. इथे घाई करायची नाही. घोडा शांतपणे डी७ वर ठेवायचा. तिथून तो बी६ आणि सी५ अडवतो. पुढच्या चालीला उंट लांबून डी३ वर आणायचा, म्हणजे बी५ आणि ए६ बंद. डी५, डी६ ही घरं माझ्या राजाने आधीच धरलेली. काळा राजा सी६ वर येऊन उभा राहिला तरी पुढे एकही घर मोकळं नाही. एकही शह न देता जाळं पुरं झालेलं असतं. घोड्याचा सगळा मार्ग, एफ७, ई५, डी७, सी५, बी७, पटावर बोट फिरवून पाहिला तर नागमोडी आहे. तो एकदा बोटांत बसला की विसरत नाही.

हे जाळं पहिल्यांदा नीट आवळलं गेलं तेव्हा मी लॅपटॉपसमोरून उठून घरभर फिरले. अख्खा डाव जिंकूनही मला इतका आनंद क्वचित झाला असेल. कारण इथे समोरच्याने काही दिलेलं नव्हतं, त्याला जे जे करता येण्यासारखं होतं ते त्याने केलेलं होतं. ही मात सोपी समजू नये. मे २०१३ मध्ये जिनिव्हाच्या महिला ग्रां प्री स्पर्धेत अ‍ॅना उशेनिना, त्या वेळची जगज्जेती, ओल्गा गिर्याविरुद्ध नेमक्या याच शेवटात अडकली आणि डाव बरोबरीत सुटला. घड्याळ चालू असताना ऐन वेळी पटावर हे शोधून काढणं थोरामोठ्यांनाही अवघड जातं.

खेळून झालं की मी डाव पुन्हा उघडते आणि एकेका चालीला टेबलबेसला विचारते. टेबलबेस म्हणजे विचार करणारं यंत्र नव्हे. मात झालेल्या सगळ्या स्थिती आधी मांडायच्या, तिथून एक चाल मागे, मग आणखी एक मागे, असं उलटं जात जात शक्य ती प्रत्येक स्थिती गाठायची आणि तिचा निकाल नोंदवून ठेवायचा. युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्पसनने चार-पाच मोहऱ्यांच्या शेवटांवर हे काम सुरुवातीच्या काळात केलं. २०१२ साली मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव महासंगणकावर सात मोहऱ्यांपर्यंतचे शेवट पुरे झाले. ती माहिती सुमारे १४० टेराबाइट भरली. दोन्ही राजे धरून पटावर सातच मोहरी असतील तर आता मत, अंदाज, शैली असं काही उरत नाही. माझ्या चालीपुढे आकडा येतो: अठरा चालींत मात. पुढच्या चालीपुढे: चोवीस. म्हणजे त्या एका चालीने मी मात लांबवली. कुठल्याही शिक्षकाने मला इतकं नेमकं सांगितलेलं नाही.

याच थॉम्पसनची एक गोष्ट मला फार आवडते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याने अमेरिकन ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउनपुढे राजा-वजीर विरुद्ध राजा-हत्ती असा शेवट मांडला. हत्तीच्या बाजूने संगणक. तोवर सगळी पुस्तकं सांगत होती की वजीर सहज जिंकतो, आणि ब्राउनने पैज लावली. पन्नास चालींत त्याला जिंकता आलं नाही. संगणकाने हत्ती राजाजवळ न ठेवता त्याच्यापासून दूर ठेवला, जे करणं माणसं धोक्याचं मानत. ब्राउनने घरी जाऊन अभ्यास केला आणि पुन्हा खेळायला बसला. या खेपेला बरोबर पन्नासाव्या चालीला त्याने हत्ती मारला. शंभरेक वर्षं पाठ केलेल्या गोष्टीत किती भोकं होती ते एका रात्रीत दिसलं, आणि तरी ग्रँडमास्टर परत आला, हे मला त्याचं मोठेपण वाटतं.

माझी भाची कॉलेजात आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बातुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून तिच्या बुद्धिबळाला उधाण आलंय. फोनवर तीन-तीन मिनिटांचे डाव, आणि सिसिलियन बचावाच्या फाट्यांचे व्हिडिओ. एका रविवारी ती माझ्यामागे उभी राहून वजीर-हत्तीचा शेवट बघत होती.

‘मावशी, वजीर आहे की तुझ्याकडे. मग एवढा वेळ काय लागतोय?’

‘ये, बस. तू जिंकून दाखव.’

ती बसली ती जेवायला हाका मारेपर्यंत उठली नाही. हत्ती सापडत नव्हता. तिसऱ्या रांगेत उभा राहून तो वजिराला आणि तिच्या पांढऱ्या राजाला दोघांनाही अलीकडेच अडवून धरत होता. मला तिच्या चिडण्याचा मनापासून आनंद झाला, कारण घड्याळ बंद असताना ती पटाकडे इतकी रोखून बघताना मी प्रथमच पाहत होते. कापाब्लांकाचं १९२१ सालचं पुस्तक सुरू होतं ते साध्या मातांपासून. आपल्याकडे मुलांना आधी वीस चालींच्या सुरुवाती पाठ करायला लावतात. मुलं त्या धडाधड खेळतात, आणि दोन प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीत सोडतात. प्रत्येक बुद्धिबळ वर्गात एक लॅपटॉप निव्वळ शेवटांसाठी असावा असं मला ठामपणे वाटतं. चार मोहरी मांडायची आणि म्हणायचं, जिंक.

आता आम्ही दोघींनी राजा-हत्ती-उंट विरुद्ध राजा-हत्ती हा शेवट घेतलाय. इथे मात्र यंत्राचा हात तोकडा पडतो. बहुतेक स्थिती अचूक बचावाने बरोबरीच्या आहेत, आणि बरोबरीची स्थिती असली की टेबलबेसला बरोबरी राखणाऱ्या सगळ्या चाली सारख्याच. कुठली चाल समोरच्या माणसाला अवघड जाईल, कुठे त्याचा हात थरथरेल, हे त्याला कळायचं कारण नाही. अठराव्या शतकात फिलिडॉरने दाखवलेली जिंकायची स्थिती भाचीला आता तोंडपाठ आहे आणि ती मला बरोबर तिकडेच ढकलत नेते. म्हणून हे आम्ही लाकडी पटावर खेळतो, समोरासमोर, पन्नास चाली कागदावर मांडून. तिच्याकडे हत्ती-उंट, माझ्याकडे हत्ती. मी राजा आणि हत्ती दुसऱ्या रांगेत धरून बसते, ती उंटाने एकेक घर माझ्याकडून काढून घेते. परवा त्रेचाळिसाव्या चालीला तिने मला काठावर आणलं आणि मी हत्तीने उंट राजाला बांधून घेऊन कशीबशी सुटले. लगेच लॅपटॉप उघडून तिने टेबलबेसला विचारलं. बरोबरी.

‘पण मावशी, तुला घाम फुटला होता,’ ती म्हणाली, आणि पुढच्या रविवारी बाजू बदलायच्या असं ठरलं.