झाकलेली ओळ

सदर म्हणजे जबलपूरच्या कॅन्टोन्मेंटचा बाजार. तिथल्या एका गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी सी शिकलो. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पडद्यावर टर्बो सीचा निळा रंग. प्रोग्रॅम अडला की सर म्हणायचे, "मिटाना मत, पहले कमेंट करके देखो." /* आणि */ यांच्यामध्ये ओळ घातली की कंपायलर तिला ओलांडून पुढे जातो, आपल्याला मात्र ती वाचता येते. लाइट गेली की मी प्रिंटआउट घेऊन इंडियन कॉफी हाउसमध्ये बसायचो आणि कुठून कुठवर झाकायचं ते पेन्सिलीने आखायचो.

आखावं लागायचं, कारण सीमधल्या या खुणा एकात एक बसत नाहीत. झाकायच्या ओळींत आधीच एखादी कॉमेंट असली, तर तिच्या */पाशीच आपलंही झाकणं संपतं. पुढच्या ओळी उघड्या पडतात आणि शेवटच्या सुट्या */वर कंपायलर अडतो. // या दोन तिरक्या रेघांना ही अडचण नाही. त्या मूळच्या १९६०च्या दशकातल्या बीसीपीएलच्या. सीने त्या सोडल्या, सी++ने परत आणल्या आणि १९९९च्या मानकाने सीलाही दिल्या.

पुढे पुण्यात नोकरी लागली, ती २००० सालच्या तारखांच्या धांदलीत. तिथे कोबोल भेटली. सातव्या कॉलममध्ये तारका टाकली की ती ओळ कॉमेंट. दोन आकडी वर्ष धरणाऱ्या ओळीला तारका, तिच्याखाली चार आकडी वर्षाची नवी ओळ, कडेला बदलाची तारीख आणि करणाऱ्याची आद्याक्षरं. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासला की ते अक्षर गेलंच. इथे जुनी ओळ शाबूत राहायची. कधीही न भेटलेल्या माणसांचा विचार मी त्या तारकांच्या ओळींतून शिकलो, आणि त्यांचं ऋण मला आजही वाटतं.

मग भाषा वाढत गेल्या. पायथनला #, एसक्यूएलला --, एचटीएमएलला <!-- आणि -->. आता व्हीएस कोडमध्ये कंट्रोल आणि तिरकी रेघ एकदम दाबली की एडिटर भाषा ओळखून योग्य ती खूण घालतो. एकाच एचटीएमएल फाइलमध्ये कर्सर स्टाइलच्या भागात असेल तर /* */, स्क्रिप्टमध्ये असेल तर //. तीच कळ पुन्हा दाबली की ओळ जिवंत. जेसनमध्ये मात्र कॉमेंटला जागाच नाही. लोक कॉमेंटमध्ये पार्सरसाठी सूचना लिहू लागले, म्हणून डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती सोय काढून टाकली. कारण पटतं, तरी सेटिंग्जच्या फाइलमध्ये ती उणीव मला रोज जाणवते. व्हीएस कोडने स्वतःच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये कॉमेंट चालू दिल्या, हे फार बरं केलं.

गिट जुनं सगळं जपतं, मग ओळ झाकून कशाला ठेवायची, असं टीममधली तरुण मुलं विचारतात. त्यांचं बरोबर आहे. पण काय गेलं ते गिट आपणहून सांगतं. का गेलं, ते माणसाने लिहिलं तरच कळतं. म्हणून आमच्याकडे झाकलेल्या ओळीच्या डोक्यावर दोन गोष्टी लागतात: का झाकली आणि कधी काढायची. त्या नसतील तर रिव्ह्यूमध्ये मी कोड परत पाठवतो.