हवाई अंतर

पदवीच्या वर्गात ‘अंतर’ या शब्दाच्या अर्थच्छटा सांगत होतो. दोन ठिकाणांमधले अंतर, दोन गोष्टींमधला फरक आणि अंतर म्हणजे अंतःकरणही. एका विद्यार्थ्याने मोबाइलवर पाहून सांगितले, “सर, धुळे ते जळगाव हवाई अंतर ८२ किलोमीटर!” ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानाला हा जेमतेम दहा मिनिटांचा प्रवास. वर्ग हसला. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ साली झाले, धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टीही आहे. पण या दोन गावांमध्ये प्रवासी विमान नाही. आमचे अंतर एस.टी. मोजते, सुमारे ९५ किलोमीटर. रेल्वेने जायचे तर चाळीसगावचा वळसा, म्हणजे जवळजवळ दीडशे.

१९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. मराठीच्या अभ्यासकाला मात्र ही विभागणी कधी पाळता आली नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांची कागदपत्रे धुळ्याला, विद्यापीठ जळगावला. बहिणाबाईंचे आसोदे तिकडे. आणि १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली, तो तुरुंग इकडे.

माझी नोकरी इकडे आणि आई तिकडे. दर शनिवारी मी जळगावची गाडी धरत असे. आईला किलोमीटर ठाऊक नव्हते. पारोळ्याहून फोन केला की ती डाळ शिजत घाली. एरंडोल सुटले की कळण्याचे पीठ काढी. बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडला की तवा चुलीवर. दारात पाऊल टाकावे तो पहिली भाकरी फुगलेली असे. अंतर मोजण्याची इतकी अचूक रीत मी दुसरी पाहिली नाही.

एका पावसाळी रात्री शेजाऱ्यांचा फोन आला. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम चालू होते. पारोळ्याच्या पुढे मालमोटारींच्या रांगेत गाडी अडकली ती अडकलीच. पोहोचलो तेव्हा आई गेलेली होती. “एरंडोल आलं का, म्हणून दोनदा विचारलं त्यांनी,” शेजारीण म्हणाली.

दोष रस्त्यावर ढकलता येतो. वर्षभर मी तो ढकललाही. पण त्याआधीचे तीन शनिवार मी गेलो नव्हतो. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण संपवायचे होते. त्या तिन्ही शनिवारी रस्ता मोकळा होता.

आता महामार्ग चौपदरी झाला आहे. गाडी एरंडोलला केव्हा येते, हे अनेकदा कळतही नाही.

त्या दिवशी वर्गात एक अर्थ सांगायचा राहून गेला होता. ‘अंतर देणे’, म्हणजे आपल्या माणसाची साथ सोडणे. पुढच्या तासाला तो सांगितला. उदाहरण मात्र कोशातलेच दिले.