गाडीला पडवी हवी, पण कोणती?

आमच्या तीन घरांत मिळून एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. मागच्या सीटा काढून आम्ही तिच्यात दोन फळ्यांचे पलंग, पाण्याची टाकी आणि भांड्यांचे कपाट बसवून घेतले. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत तिला सगळे ‘बंगला’ म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा शेजारचे दादा म्हणाले, “तुमचा बंगला आता सरकारी धोरणात बसला की!”

पण या बंगल्याला पडवी नव्हती. गाडीत सहा जण झोपतात, बसतात मात्र दोघेच. चपला कुठे काढायच्या, पालेभाजी कुठे निवडायची, पावसाची सर आली तर म्हाताऱ्या माणसाने कुठे टेकायचे? इतकी वर्षे आम्ही दोन बांबू आणि लक्ष्मीपुरीतून आणलेली एक ताडपत्री यांवर भागवले. बायकांनी बांबू धरून उभे राहायचे, पुरुषांनी दोऱ्या ओढत एकमेकांवर ओरडायचे आणि पोरांनी मधूनच पळायचे, अशी आमची पद्धत!

दोन वर्षांपूर्वी जुलैत राधानगरीला गेलो होतो. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले ते धरण आणि त्याचे आपोआप उघडणारे दरवाजे पोरांना दाखवायचे होते. एका ओळखीच्यांच्या शेतात मुक्काम केला. रात्री पाऊस वाढला. सैल बांधलेल्या ताडपत्रीच्या पोटात पाणी साचत गेले, ते कुणाच्या ध्यानात आले नाही. एक बांबू चिखलात सरकला आणि ते सगळे पाणी स्टोव्हवर कोसळले. चहाचे पातेले उलटून आमच्या धाकट्या वहिनींचा हात भाजला. जखम महिन्याभरात बरी झाली. पण आज्जींनी तिथेच सांगून टाकले, “आता त्या ताडपत्रीखाली मी चहा बी पिणार न्हाई.”

आज्जींना वेरूळ पाहायचे आहे. वय त्र्याऐंशी. त्यांच्या लहानपणी परगावी गेले की आपल्या माणसांना मुक्कामाला जागा मिळायची ती गावाबाहेर, झाडाखाली. १९३४ साली वेरूळची लेणी पाहायला सहकाऱ्यांसह निघालेले बाबासाहेब वाटेत दौलताबादला थांबले. किल्ल्याच्या दाराशी टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्या मंडळींना शिव्या खाव्या लागल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधली ही हकीकत आम्ही आज्जींना वाचून दाखवली. त्या एवढेच म्हणाल्या, “म्हणून तर आपली गाडी, आपलं पाणी, आपलं छप्पर. पर छप्पर पडणारं नको.”

तेव्हा पडवी शोधायला लागलो. इंग्लंडात राहणारा आमचा मामेभाऊ कॅरॅव्हॅन घेऊन फिरतो. तो सुट्टीला आला तेव्हा आपली जुनी पडवी घेऊनच आला. आम्ही सामान पाहिले तर त्यात एकही दांडी नाही! पिशवीत कापडाचा गठ्ठा, हातपंप आणि मेखा. दांड्यांच्या जागी कापडाच्या जाड नळ्या असतात, नळीच्या आत ट्यूब असते आणि हवा भरली की कमान उभी राहते. सायकलच्या ट्यूबचेच तत्त्व.

पहिली चाचणी पन्हाळ्याच्या वाटेवर, एका नातेवाइकांच्या मोकळ्या रानात केली. पडवीची एक बाजू गाडीच्या पन्हळीला अडकवायची असते, म्हणून जमिनीपासून पन्हळीपर्यंतची उंची आधी मोजावी लागते. आमची भरली २३५ सेंटीमीटर. या पडव्या कमी, मध्यम आणि जास्त अशा उंचींत मिळतात. माप चुकले की फट राहते आणि सगळा पाऊस नेमका दारात. दुसरी गोष्ट दाराची. इंग्लंडात आपल्यासारखीच डावीकडून वाहने चालतात, त्यामुळे तिथल्या पडव्या डाव्या बाजूच्या दाराला जमतात. युरोपातल्या बऱ्याच देशांच्या गाड्यांना दार उजवीकडे असते. तिथला माल घेताना हे पाहून घ्यावे.

पंप मारायला आमची अकरावीतली मुलगी पुढे झाली. दहा-बारा मिनिटांत कमानी उभ्या! बांबू धरायला कुणाला बोलवावे लागले नाही, कुणी कुणावर ओरडले नाही. वहिनी भाजलेला हात पदराखाली धरून बघत होत्या. मग त्यांनीच एक मेख ठोकली. ती मात्र आत जाईना. पन्हाळ्याकडचा जांभा दगड तो! तिथे पातळ मेखा वाकतात, जाड पोलादी लागतात. राधानगरीच्या चिखलात उलट लांब आणि रुंद मेखा हव्यात. म्हणजे पडवी एक असली तरी मेखांच्या पिशव्या दोन.

हवेचेही शास्त्र आहे. या पडवीला सात पौंड हवा पुरते. मोटारीच्या टायरला तीसेक पौंड लागते. म्हणून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने ती कधीही भरू नये, ट्यूब फुटेल. दुपारच्या उन्हात आतली हवा तापून फुगते, तेव्हा थोडी सोडावी आणि संध्याकाळी परत भरावी. ट्यूबला भोक पडले तर ती बाहेर काढून ठिगळ लावता येते. वाऱ्यात नळी वाकते आणि पुन्हा सरळ होते, दांडीसारखी मोडत नाही. पण म्हणून वादळात ती उभी ठेवायची नसते. वारा वाढला की पडवी उतरवायची आणि गाडीत जाऊन बसायचे.

दोष नाहीत असे नाही. वजन बावीस किलो. किंमत नव्या मालाची विचाराल तर आमच्या तिन्ही घरांचा मिळून विचार मोडेल. भावाने जुनी दिली म्हणून जमले. पॉलिस्टरचे कापड उन्हाने विरत जाते आणि रात्री आतून दंव धरते, म्हणून जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्याच ठेवाव्या लागतात. ओली घडी घातली तर आठवड्यात बुरशी. कॅनव्हासची पडवी जड असते, पण आतून कमी घामेजते आणि पुष्कळ वर्षे टिकते. शिवाजी विद्यापीठाकडच्या रस्त्यावर मंडप शिवणाऱ्या एका कारागिरांनी आम्हाला लोखंडी दांड्यांची कॅनव्हास पडवी करून देण्याची तयारी दाखवली होती. ती निम्म्याहून कमी पैशात झाली असती. पण ती उभी करायला चार माणसे लागणार, आणि त्या चारांत वहिनी असणारच होत्या. आम्ही निर्णय केला तो या हिशेबावर.

एक नियम मात्र आज्जींनी स्वतः घातला आणि तो सगळ्यांनी पाळावा असा आहे. पडवीत चूल नाही, स्टोव्ह नाही, शेगडीही नाही. हे कापड ठिणगीने क्षणात वितळते, आणि बंद जागेत कोळशाचा किंवा गॅसचा धूर साचला तर झोपेत जीव जातो. स्वयंपाक बाहेर, मोकळ्यावर, गाडीपासून चार पावले दूर. पाऊस असेल त्या दिवशी चुरमुरे, फरसाण आणि घरून आणलेल्या भाकरी. जुनी ताडपत्री आम्ही टाकली नाही. ती आता जमिनीवर अंथरायला आहे.

घेणाऱ्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. आधी गाडीची उंची मोजा. कुठल्या मातीत आणि कुठल्या महिन्यात जाणार ते ठरवा. घराजवळ एकदा उभी करून, बादलीभर पाणी ओतून पाहा. आणि दुकानात जाताना एकटे जाऊ नका. पडवी धरून जिला उभे राहावे लागते, तिला बरोबर न्या आणि निवड तिला करू द्या.

दिवाळीनंतर वेरूळला निघायचे आहे. परवा अंगणात पुन्हा तालीम झाली. मुलीने हवा भरली, वहिनींनी दोऱ्या ताणल्या. आज्जी खुर्ची घेऊन आत बसल्या, कमानीवर बोटाने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाल्या, “आता चहा आणा. बाहेर करा, हितं आणा.”