उजळणी

यंदा मार्चपासून मेपर्यंत आमच्या घरात वीकांत नावाचा प्रकार बंद होता. कारण? कन्येची जीसीएसई! इंग्लंडात वाढलेल्या पोरांची ही आपल्या दहावीसारखी परीक्षा. गणित आणि विज्ञानाला आमची मदत नको, हे तिने आधीच बजावलं होतं. (बाप इंजिनिअर असण्याचा तेवढाच काय तो उपयोग होता, तोही गेला.) इंग्रजी साहित्याला मात्र समोर बसून प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं होतं. बायकोची शनिवारी ड्यूटी असते, त्यामुळे लॉटरी मला लागली.

माझं आणि साहित्याचं नातं म्हणजे बारावीला गाइड पाठ केलं, पंचाहत्तर मार्क पडले, आणि आम्ही दोघं सुखाने वेगळे झालो. असो.

तर अभ्यासक्रम असा. तिच्या बोर्डाचे, म्हणजे एक्यूएचे, दोन पेपर. पहिला पावणेदोन तासांचा. त्यात शेक्सपिअर आणि एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी. तिच्या शाळेने डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' घेतली होती. दुसरा सव्वादोन तासांचा. त्यात एक आधुनिक नाटक किंवा कादंबरी, कधी न वाचलेल्या कविता, आणि सत्ता व संघर्ष या विषयावरच्या पंधरा कवितांचा संच. पंधरापैकी निम्म्या युद्धाच्या. आणि गंमत म्हणजे पुस्तक आत न्यायचं नाही. सगळं डोक्यातून.

कवितांचा प्रश्न मला भलताच आवडला. एक कविता छापून देतात. दुसरी आपण निवडायची, आठवणीतून लिहायची आणि दोघींची तुलना करायची. आता बघा, पंधरा कविता म्हणजे जोड्या होतात एकशे पाच. एवढ्या तयार करणं कुणाच्या बापाला शक्य आहे? या बापाला शक्य होतं :-) मी लॅपटॉप उघडला, उभ्याआडव्या पंधरा ओळी मांडल्या, आणि प्रत्येक जोडीला शून्य ते पाच गुण दिले. निसर्ग, सैनिक, घरी राहिलेली माणसं, आठवणी, असे वेगवेगळे रंग. हपिसात एवढ्या मन लावून मी कुठलंही डिझाईन केलेलं नाही. मग कमीत कमी किती कविता पाठ केल्या म्हणजे कुठलीही छापून आली तरी जोडीदार मिळेल, ते काढलं. उत्तर आलं पाच. आणि त्या पाचांत सगळ्यात जास्त धागे जुळलेली कविता निघाली विल्फ्रेड ओवेनची 'एक्स्पोजर'. युद्धाच्या कवितांशी जुळते, निसर्गाच्या कवितांशीही जुळते. हुकमाचं पान!

कन्येने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मला नेमकी तीच आवडत नाही."

"का गं?"

"त्यात लढाईच नाहीये. टेनिसनच्या कवितेत निदान घोडे तरी धावतात. टेड ह्यूजच्या कवितेत तो माणूस संगीन घेऊन पळतो. इथे नुसते बसलेत. थंडी वाजतेय. मी यावर अर्धा तास काय लिहू?"

मग मी वाचायला बसलो. तिच्यासाठी म्हणून सुरू केलं, पण जागा राहिलो माझ्यासाठीच. टेनिसनने १८५४ साली बालाक्लाव्हाच्या घोडदळावर लिहिलं ते वर्तमानपत्रातली बातमी वाचून. टेड ह्यूजचा जन्मच १९३० चा. पहिलं महायुद्ध त्याने नाही, त्याच्या वडिलांनी पाहिलं होतं. ओवेन मात्र स्वतः खंदकात होता. १९१७ च्या जानेवारीत, फ्रान्समधल्या कडाक्याच्या थंडीत. त्याची कविता सांगते की शत्रू समोर आहेच, पण माणसं मारतोय तो वारा आणि बर्फ. शेवटी गोठलेल्यांना पुरायला त्यांचेच सोबती फावडी घेऊन येतात. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला गेला, पंचविसाव्या वर्षी. युद्ध संपलं ११ तारखेला. त्याच दिवशी, विजयाच्या घंटा वाजत असताना त्याच्या घरी तार पोचली, असं सांगतात.

आणखी एक गोष्ट सापडली. १९२० साली त्याच्या आईने रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहिलं. शेवटचा निरोप घेताना मुलाने 'गीतांजली'तले शब्द म्हटले होते, आणि त्याच्या परत आलेल्या वहीत तेच शब्द लिहिलेले होते, खाली टागोरांचं नाव. म्हणजे त्यालाही काहीतरी पाठ होतं. पुस्तकाशिवाय.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. कन्येने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण इतके दिवस नुसतं बर्फात बसून राहिल्यावर कसं वाटतं? ते मला कळत नाही. आपण काकांना विचारूया का? ते होते ना सियाचेनला?"

मी पटकन म्हणालो, "नको. त्याला नाही आवडत त्यावर बोलायला."

"असं ते म्हणाले?"

आता काय सांगू? म्हणाला नव्हता. कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमच्याकडे साताऱ्यात घराआड एक माणूस फौजेत, त्यामुळे बारावीनंतर तो भरती झाला याचं कुणाला नवल वाटलं नाही. त्याच्या मनिऑर्डरीवर माझं इंजिनिअरिंग झालं. १९९६ च्या हिवाळ्यात तो सियाचेनच्या एका पोस्टवर होता. तिथून डाव्या पायाची दोन बोटं गमावून, हॉस्पिटलमधून सुट्टीवर घरी आला. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी गेलो होतो, डोक्यात सबमिशन. मी विचारलं, "फोटो आणलेस का रे?" तो म्हणाला, "रीळ गोठलं." आम्ही दोघं हसलो. झालं. त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम पोस्टवर हिमकडा कोसळून दहा जवान गेले, तेव्हा मी दिवसभर बातम्या वाचत होतो. दादाला फोन मात्र केला नाही. म्हटलं, उगाच कशाला त्याला आठवण?

त्याला आठवण! जसा काही तो विसरलाच होता.

फोन कन्येनेच लावला. रविवारी आमच्याकडे सकाळचे दहा, तिकडे दुपारचे अडीच. दादा जेवून ओसरीवर बसला होता. तिने आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत प्रश्न विचारला, "काका, युद्धात नुसती वाट बघायची असते तेव्हा काय करायचं असतं?"

मला वाटलं आता हा 'काय न्हाई गं' म्हणून टाळणार. दादा जरा थांबला आणि बोलायला लागला. चांगला पन्नास मिनिटं बोलला.

उघड्या हाताने लोखंडाला हात लावला की कातडं चिकटतं. डब्यातला रस दगडासारखा होतो, स्टोव्हवर वितळवून प्यायचा. रॉकेलच्या काजळीने नाकपुड्या काळ्या होतात. हवा विरळ, त्यामुळे भूक मरते, झोप मरते. चालताना सगळे एका दोराला बांधलेले, कारण पायाखाली भेग आहे का ते दिसत नाही. "गोळीचं काय न्हाई पोरी," तो म्हणाला. "गोळी आवाज करते. बर्फ बोलत न्हाई."

"मग रात्री जागे कसे राहायचात?"

"मनाचे श्लोक म्हणायचो. शाळेत गुरुजींनी मारून पाठ करून घेतले होते, दोनशे पाच. तोंडावर कापड, आतल्या आत म्हणायचं. घड्याळ बघायला हातमोजा काढायची सोय न्हाई ना. दोनदा म्हणून झाले की समजायचं, आता बदली यायला हवा."

मग त्याने ते सांगितलं. त्यांच्या पोस्टवर त्या हिवाळ्यात गोळी लागून कुणीच गेलं नाही. एक मुलगा गेला. बावीस वर्षांचा. रात्री खोकत झोपला, फुप्फुसात पाणी झालं होतं, सकाळी उठला नाही. वादळामुळे हेलिकॉप्टर सहा दिवस आलं नाही. "आम्ही त्याला बाहेर ठेवला होता, तंबूच्या आडोशाला. रोज सकाळी उठलो की पहिल्यांदा त्याच्यावरचा बर्फ झाडायचो. न्हाईतर सापडला नसता. मी झाडायचो. तोंड तसंच होतं त्याचं, झोपल्यागत."

कन्येचे डोळे भरले होते. माझं विचारू नका. ती हळूच म्हणाली, "काका, आमच्या कवितेत शेवटी हेच आहे."

"कोणी लिहिलंय?"

"एक इंग्लिश सोल्जर होता. शंभर वर्षांपूर्वी."

"त्याला माहीत असणार," दादा म्हणाला. आणि मग, "तुझ्या बापाला विचार, कैऱ्या पाठवू का कुणाबरोबर."

फोन ठेवल्यावर कन्या बराच वेळ काही बोलली नाही. मग टेबलावरची कार्डं गोळा करून म्हणाली, "चल, स्क्रूज."

आता 'ख्रिसमस कॅरल'. ही मी या निमित्ताने पहिल्यांदा धड वाचली. १८४३ च्या डिसेंबरात आली, सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती नाताळच्या आत संपली. खाणी-कारखान्यांत राबणाऱ्या पोरांबद्दलचा सरकारी अहवाल वाचून डिकन्स आधी एक पत्रक लिहिणार होता. पत्रकापेक्षा गोष्ट जास्त खोल लागेल, म्हणून त्याने हे लिहिलं. कंजूस माणसाला भुतं भेटतात आणि तो सुधारतो, एवढंच मला ऐकून माहीत होतं. पण पहिलं भूत काय करतं? काहीही धमकावत नाही. ते स्क्रूजला फक्त त्याचं स्वतःचं मागचं आयुष्य परत दाखवतं. एकटा शाळेत बसलेला मुलगा, न्यायला आलेली धाकटी बहीण. ही सक्तीची उजळणीच की! आणि स्क्रूज रडायला लागतो तो तिथे.

डिकन्सचंही तसंच. १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले. बारा वर्षांचा हा मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवत होता. पुढे इतकी पुस्तकं लिहिली, पण हे घरात मुलांनासुद्धा सांगितलं नाही. १८७० मध्ये तो गेल्यानंतर जॉन फॉर्स्टर या मित्राने लिहिलेल्या चरित्रातून ते जगाला कळलं. घरातल्या माणसांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं का, कोण जाणे.

हे मी बोलून दाखवलं तर कन्या म्हणाली, "बाबा, स्क्रूजला तीन भुतं लागली. तुझं एका फोनवर भागलं. स्वस्तात सुटलास."

(या पिढीला पाठांतर येवो न येवो, उत्तर मात्र तयार असतं.)

परीक्षा झाली. कवितेच्या प्रश्नात तिने दुसरी कविता म्हणून 'एक्स्पोजर' घेतली. माझा तक्ता तिने वापरला की नाही, ते विचारायचं धाडस मी केलं नाही. तिने एवढंच सांगितलं, की कार्डावरचे शब्द आठवावे लागले नाहीत, ते आपोआप आले, आणि लिहिताना डोळ्यांसमोर सारखा कुणीतरी बर्फ झाडत होता. अर्थात हे तिने पेपरात लिहिलं नाही. त्याला मार्क नसतात. निकाल ऑगस्टमध्ये लागतो. लागेल तसा लागेल.

उजळणी हा शब्द लहानपणी पाढ्यांपुरता माहीत होता. जे येतं तेच पुन्हा म्हणायचं, म्हणून कंटाळा यायचा. जे आपल्याला येतं असं वाटतं ते मुळात कधी वाचलेलंच नसतं, हे समजायला मला पन्नाशी गाठावी लागली.

पेपर संपल्यानंतरच्या रविवारी मी एकटाच घरी होतो. दादाला फोन लावला. तो म्हणाला, "आज पोरगी न्हाई? परीक्षा संपली ना तिची?"

म्हटलं, "संपली. मीच केलाय."

"मग बोल."

मी म्हटलं, "दादा, त्या मुलाचं नाव काय होतं रे?"

त्याने सांगितलं. गावही सांगितलं. पुढे तो त्याच्या घरी दोनदा जाऊन आला होता, एकदा माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात. ते नाव मी इथे लिहीत नाही. मला पाठ आहे.