अंगण वाकडं की...?

शनिवारी सकाळी कोडला हात लावायचा नाही असा माझा नियम आहे. मग करायचं काय? तर रेंजवर जायचं, ५० यार्डांवरच्या कागदाला भोकं पाडायची आणि दुपारी हिरमुसून घरी यायचं! इथे ओहायोत, ग्रीन कार्ड आल्यावर हा नाद लागला. या प्रकाराला 'बुल्सआय' म्हणतात. उभं राहून, एका हाताने, दहा मिनिटांत दहा गोळ्या. दहा गुणांचं वर्तुळ ३.३६ इंचांचं, म्हणजे आपल्या लहान वाटीच्या तोंडाएवढं.

माझं पिस्तूल १९११ जातीचं, फॅक्टरीतून आलं तसंच. सरासरी गुण शंभरात ७८. आणि खापर अर्थातच पिस्तुलावर.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन अमेरिकन लष्कराने १९११ साली घेतलं. लष्कराला काय हवं होतं? चिखलात चालणारं आणि एकाचा पार्ट दुसऱ्याला बसणारं पिस्तूल. म्हणजे पार्टांमध्ये थोडा प्ले आलाच. प्रत्येक गोळीला बॅरल मागे सरकतं, खाली झुकतं, परत जागेवर येतं. नेम धरायची साइट असते स्लाइडवर, गोळी सुटते बॅरलमधून. तेव्हा खरा प्रश्न एकच : बॅरल दर वेळी त्याच जागी परत येतं का?

गणित सोपं आहे. बॅरल ५ इंच, अंतर १८०० इंच, म्हणजे ३६० पट. पुढच्या बुशमध्ये ०.१ मिलिमीटर प्ले असला तर कागदावर ३६ मिलिमीटर फरक! म्हणूनच १९५० च्या दशकात खुद्द लष्कराने स्पर्धेसाठी घट्ट बसवलेली 'नॅशनल मॅच' पिस्तुलं बनवली.

झालं. एका कारागिराला गाठलं. त्याने जरा जाड ठेवलेलं बॅरल घेतलं, रंग लावून कुठे घासतंय ते बघत कानशीने इंचइंच (खरं तर केसकेस) उतरवत बसवलं. नवा बुश, स्लाइडचं फिटिंग. पिस्तुलाच्या किमतीपेक्षा बिल जास्त. बायकोला निम्माच आकडा सांगितला. पिस्तूल शिकंजात आवळून झाडलेले दोन कागद त्याने सोबत दिले. आधीचा : दहा गोळ्या ४ इंचांत. नंतरचा : २ इंचांत. मी हवेत!

पुढच्या शनिवारी गुण आले ७९.

च्यायला, हे काय? घरी येऊन कागदावर गणित मांडलं. ढोबळमानाने दोन चुका वर्ग करून मिळवायच्या आणि वर्गमूळ काढायचं. माझ्या हाताचा पसारा १२ इंच. ४ इंचांच्या पिस्तुलाबरोबर तो होतो १२.६, २ इंचांच्या पिस्तुलाबरोबर १२.२. एवढ्या पैशांत अर्धा इंचही नाही! ज्याचा हात ४ इंचांत राहतो, त्याचा पसारा मात्र ५.७ वरून ४.५ वर येतो. फिटिंग त्याच्यासाठी आहे. ऑफिसात ज्युनियर पोरांना मीच सांगतो, आधी मोजा, मग ऑप्टिमाइझ करा. आणि मी काय केलं?

क्लबातल्या सत्तरीच्या आजोबांना रडगाणं ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "पैसे वाया नाही गेले. आता कागदावर जे दिसतं ते तुझंच आहे, हे तुला माहीत आहे. आधी माहीत नव्हतं."

हे मात्र लागलं. पूर्वी गोळी बाहेर गेली की अर्धा दोष पिस्तुलाच्या नावावर टाकायचो, त्यामुळे स्वतःचं बोट ट्रिगरला झटका देतं हे कधी दिसलंच नाही. साइट अर्धा मिलिमीटर हलली तरी कागदावर १४ सेंटिमीटर! कुठला कारागीर कानशीने हे घालवणार?

सध्या रोज रात्री दहा मिनिटं, रिकामं पिस्तूल (दोनदा तपासून) आणि कोरी भिंत. परवा ८३ आले. अंगण सरळ करून घेतलंय, आता नाचायला शिकतोय.

असो. ते बिल अजून ड्रॉवरमध्येच लपवलेलं आहे.