पाणी मारणं

घर बांधायला काढलं की कर्त्या माणसाच्या वाट्याला पैशाची जुळवाजुळव येते आणि शाळकरी पोरांच्या वाट्याला पाणी मारणं. लातुरात आण्णांनी घर बांधलं तेव्हा ते काम माझ्याकडे होतं. शाळा सुटली की दप्तर टाकून प्लॉटवर पळायचं, पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबायचं आणि भिंत वरपासून खालपर्यंत भिजवायची. दिवसभर तापलेली वीट सुर्र करून पाणी पिऊन टाकायची, डोळ्यांदेखत पुन्हा कोरडी व्हायची. कॉलमला गोणपाट गुंडाळलेलं असे. मिस्त्री आला की आधी त्या गोणपाटाला हात लावून बघायचा आणि मग माझ्याकडे.

आण्णांनी ते घर बांधलं भूकंपाच्या धाकानं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली आणि लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं आपल्याच घराखाली गाडली गेली. आमचं गाव थोडं लांब, म्हणून आम्ही वाचलो. पण वाड्याच्या भिंतींना फुगे आले. माळवदाचं घर ते. दगड-मातीच्या रुंद भिंती, तुळया, त्यावर किलचन आणि किलचनावर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा असायचा, त्या मातीमुळेच.

त्या मातीची सगळी निगा आजीकडे होती. मृगाच्या आधी ती गावच्या पांढरीतून माती आणवायची, माळवदावर पसरून चोपून घ्यायची, सवण्याभोवतीच्या भेगा स्वतः लिंपायची, पन्हाळी मोकळ्या करायची. घर गळायचं नाही, याचा तिला अभिमान होता. भूकंपानंतर गावोगाव आलेले इंजिनिअर सांगू लागले, की वर्षानुवर्षं थर चढून माळवदं जड झाली होती आणि नुसत्या मातीत रचलेल्या दगडी भिंतींना तो भार हादऱ्यात पेलला नाही. आजीनं ते ऐकून घेतलं, बोलली काहीच नाही. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पाऊस दरवर्षी यायचा, त्याच्यासाठी ती घर राखत होती. भूकंप तिच्या हिशेबात नव्हता, कुणाच्याच नव्हता.

नव्या घरात म्हणून सळई आली, जोत्यावर आणि लिंटेलच्या पातळीवर चारी भिंतींना बांधून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे आले. आणि पाणी आलं. सिमेंट वाळून घट्ट होतं असा माझा समज होता. उलट आहे. पाण्याशी संयोग होऊन ते घट्ट होतं. लवकर वाळलं तर कच्चं राहतं.

पुढे मी माझं घर बांधायला काढलं आणि दुष्काळ पडला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी येत होतं. गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग, आणि आमचं बांधकाम जोत्यावर आलेलं. टँकर विकत मिळत होता, नाही असं नाही. पण शेजारीण दोन घागरींसाठी ताटकळत असताना भिंतीवर पाइप कोणत्या तोंडानं धरायचा? काम थांबवलं. थांबलेल्या त्या महिन्यांत नकाशा बदलला: अंगणाखाली टाकी घेतली, स्लॅबचा उतार एका कोपऱ्याकडे काढला. हजार चौरस फुटांच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर नऊ हजार लिटरहून जास्त पाणी होतं. इतकी वर्षं आम्ही ते गटारात सोडत होतो.

पाऊस झाला, विहिरी-बोअरना पाणी आलं, मग स्लॅब पडला. मिस्त्रींनी वर मसाल्याच्या बारीक पाळी घालून वाफे केले आणि त्यांत पाणी तुंबवलं. राखणीला आण्णा. साधं सिमेंट असेल तर निदान सात दिवस ओल लागते. हल्लीच्या राखमिश्रित सिमेंटला दहा, उन्हाळा असेल तर चौदासुद्धा. इंजिनिअर म्हणाला, ‘‘आण्णा, दहा दिवस बास.’’ आण्णांनी चौदा धरले आणि वर गुडघे दुखत असताना रोज जिना चढले.

राहायला आल्यावर पाणी मारायचं काम संपलं, तसं मुलीनं विचारलं, ‘‘मग माझं काम काय?’’ तिला टाकीच्या पाइपवरची तोटी दाखवली. पहिल्या पावसात छतावरची धूळ, पाखरांची घाण वाहून येते. ते पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. तोटी उघडून बाहेर सोडायचं, नितळ आलं की बंद करायची. मृग लागायच्या आधीच ती रोज तोटी फिरवून बघायला लागली. ‘‘आट्यांना तेल घाल,’’ असं आण्णांनी तिला सांगितलं आणि तेलाची बुधली तिच्याच ताब्यात दिली.